माळी महिन्यावर लावण्याआधी

बुधवार पेठेत बसून हिरवळीच्या देखभालीवर लिहायचे म्हणजे वाचकांना गंमत वाटेल. फरासखान्यापासून पासोड्या विठोबापर्यंत चालत जायचे तर खांद्याला खांदा लागतो, अप्पा बळवंत चौकात शाळा सुरू होण्याच्या दिवसांत वहीचा गठ्ठा डोक्यावर धरून वाट काढावी लागते. तिथे गवत कुठले? पण याच पेठेतल्या जागांची नावे पाहा. तुळशीबाग, बेलबाग. तुळशीबागेत आज बांगड्या, कुकरचे झाकण आणि लहान मुलांचे कपडे मिळतात. नारो आप्पाजी खिरे यांनी अठराव्या शतकात तिथे राममंदिर बांधायला घेतले त्याआधी ती खरोखरच तुळशीची बाग होती. बेलबागेचे देऊळ नाना फडणविसांचे. पेठेचेही आधीचे नाव मोहियाबाद. औरंगजेबाचा मुक्काम पुण्यात पडला होता त्या काळातले, त्याच्या नातवाच्या नावावरून पडलेले. कात्रजच्या तलावातून नळाने पाणी आणून पेठांतले हौद भरण्याची सोय नानासाहेब पेशव्यांनी केली, तेव्हा वाड्यावाड्यांत चौकात फुलझाडे असत. पाणी गेले, वाडे गेले, बागांची फक्त नावे राहिली.

आणि ‘बाग’ हा शब्द तरी कुठला? फारसीतून मराठीत आला आणि इतका रुळला की कोणाला तो परका वाटत नाही. बाग राखणारा तो बागवान. आपल्यातली कितीतरी बागवान कुटुंबे आज मंडईत आणि मार्केट यार्डात फळांचा व्यापार करतात. आडनावात मात्र बागेची राखण अजून शिल्लक आहे. तसेच गंज पेठेतल्या फुले घराण्याचे. मूळ आडनाव गोऱ्हे, पेशव्यांना फुले पुरवण्याच्या धंद्यामुळे ते फुले झाले. पुण्यात बागकाम हा कमी लेखण्याचा धंदा कधीच नव्हता, हे सांगण्यासाठी एवढे विषयांतर.

आता मुद्द्याचे. ‘लॉन’ म्हटले की आपल्याकडे अजूनही शादीचे ‘लॉन्स’च आठवते, वलीम्याची बिर्याणी आणि शामियाना. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पेठांतून, कॅम्पातून आपली बरीच कुटुंबे कोंढव्याकडे, वानवडीकडे गेली. तिथल्या सोसायट्यांत इमारतींच्या मधोमध हिरवळ असते, आणि तिची देखभाल कोणाकडे द्यायची हा प्रश्न दर वर्षी सभेत निघतो. पेठेत राहिलेल्यांपैकी ज्यांच्या वाड्याची नवी इमारत झाली त्यांच्या वाट्याला कधी गच्ची आली. अशाच एका वाचक भगिनीचे पत्र आमच्याकडे आले. बुधवार पेठेत चौथ्या मजल्यावर घर, वर गच्ची. एका ‘गार्डन मेंटेनन्स’वाल्याने सांगितले आहे की गच्चीवर हिरवळ लावून देतो, दर महिन्याला माणूस येऊन बघेल, वर्षाचा करार, तीन महिन्यांचे पैसे आगाऊ. सासूबाईंना सकाळी अनवाणी गवतावर चालायला डॉक्टरांनी सांगितले आहे. ‘कबूल करण्याआधी काय काय विचारावे?’ असा त्यांचा प्रश्न आहे. सोसायटीच्या कमिट्यांवर असलेल्या वाचकांनीही हेच थोड्या वेगळ्या शब्दांत विचारले आहे, म्हणून एकत्रच लिहितो.

गच्चीवाल्यांसाठी पहिला प्रश्न माळ्याला विचारायचाच नाही, इंजिनियरला विचारायचा. गवताला निदान सहा इंच माती हवी. ओली माती किती जड असते याचा अंदाज आपल्याला नसतो, कारण आपण ती कुंडीएवढीच उचललेली असते. एक चौरस मीटर जागेवर सहा इंच ओली माती म्हणजे साधारण अडीचशे किलो. ज्या गच्चीवर माणसांची ये-जा असते त्या गच्चीचा स्लॅब आपल्या भारतीय मानकानुसार चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास वरचा भार धरून बांधलेला असतो. दहा बाय दहा फुटांच्या तुकड्यावर अशी हिरवळ केली तर वजन दोन टनांच्या वर जाते. तीन लहान मोटारी गच्चीवर नेऊन उभ्या केल्यासारखे. पावसाळ्यात निचरा तुंबला तर त्याहून जास्त. नव्या इमारतीत गच्चीवरच्या बागेचा भार आधीच हिशेबात धरलेला असेल तर गोष्ट वेगळी. ते नकाशे काढणाऱ्याकडून लेखी घ्यावे. जुन्या लाकूड-मातीच्या वाड्यावर किंवा तीस-चाळीस वर्षांच्या स्लॅबवर तर हा विचारच सोडून द्यावा. पेठेत पावसाळ्यात जुन्या वाड्यांच्या भिंती पडतात आणि त्याखाली माणसे सापडतात, हे आपण वर्तमानपत्रात दर वर्षी वाचतो.

वजनानंतर गळती. गच्चीचे वॉटरप्रूफिंग केव्हा झाले, त्यावर मुळे अडवणारा थर आहे का, आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या छताला ओल आली तर खर्च कोणाचा? हा शेवटचा प्रश्न देखभालवाल्याला विचारला की तो बहुतेक वेळा बोलणे बदलतो. त्यावरून काय समजायचे ते समजावे. शेजाऱ्याशी वाद होऊन मग तो मिटवण्यापेक्षा गवताचा नाद सोडणे आमच्या मते स्वस्त.

जागा जमिनीवरच असेल, किंवा इंजिनियरने होकार दिला असेल, तर पुढचे विचारणे सुरू होते. पहिल्या भेटीत माळ्याला हिरवळ दाखवा आणि साधे विचारा, ‘मामा, हे गवत कुठले आहे?’ मेक्सिकन, कार्पेट, बर्म्युडा, सिलेक्शन अशी नावे नर्सऱ्यांत चालतात आणि प्रत्येक नर्सरीत त्यांचा अर्थ जरा वेगळा निघतो. पण ज्याने हाताने काम केले आहे तो माणूस वाकून गवताचे पाते बघेल, मुळाशी बोट घालून माती किती घट्ट झाली ते पाहील, आणि ‘ही आपली हरळीच आहे, हिला ऊन लागतं, तिकडच्या भिंतीखाली येणार नाही’ असे काहीतरी ठोस सांगेल. जो फक्त ‘सगळं होऊन जाईल, मॅडम’ म्हणतो, तो बहुधा कंत्राट घेणारा असतो, काम करणारा दुसराच. हरळीच्या जातीच्या गवताला दिवसाचे निदान पाच-सहा तास ऊन हवे. पेठेत शेजारची इमारत सहा मजली झाली की दुपारी दोननंतर आपल्या गच्चीवर सावलीच. एखाद्या रविवारी ऊन किती वाजता येते आणि किती वाजता जाते ते स्वतः पाहून ठेवा. हा मोजलेला आकडा माळ्यापुढे ठेवला तर त्याचेही उत्तर नेमके येते.

मग लव्हाळ्याचे विचारा. लव्हाळा, ज्याच्या गाठींना नागरमोथा म्हणतात, तो हिरवळीत शिरला की वरून कापून जात नाही. जमिनीत गाठींची साखळीच असते. एक उपटली की चार मागे राहतात. चांगला माळी सांगेल की खुरप्याने गाठीसकट काढावा लागेल, दोन पावसाळे लागतील. ‘एक फवारा मारला की संपला’ असे कोणी म्हणाले तर सावध व्हा, कारण जो फवारा लव्हाळ्याला मुळापासून मारतो तो बऱ्याचदा गवतालाही मारतो. त्या फवाऱ्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलेच आहे.

हिरवळीवर टाकायची माती आणि शेणखत कुठून येते हेही विचारण्यासारखे आहे. कच्चे, न कुजलेले शेणखत आणले की त्यातून हुमणी येते. पहिल्या पावसानंतर तिचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर बसतात, मग जमिनीत अंडी घालतात. श्रावण-भाद्रपदात पांढऱ्या वाकड्या अळ्या गवताची मुळे खातात आणि हिरवळ चटईसारखी हाताने उचलली जाते. साळुंक्या एकाच जागी सारख्या टोचा मारायला लागल्या तर तिथे अळी आहे असे समजावे. आणि मातीबरोबर गाजरगवत येते. हे गवत भारतात प्रथम नोंदले गेले ते १९५० च्या दशकात, आपल्या पुण्यातच. त्याने अंगाला खाज येते, दम्याचा त्रास असणाऱ्यांचा त्रास वाढतो. फुले येण्याआधी ते उपटावे, हातमोजे घालून. लहान मुलांना हे काम सांगू नये.

आता पैसे. दर काय असावा हे आम्ही लिहिणार नाही. वस्तीप्रमाणे, जागेप्रमाणे तो बदलतो. पण महिन्याचा एकच आकडा ऐकून मान हलवू नका. गवत बारा महिने सारखे वाढत नाही. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी कापावे लागते, थंडीत तीन आठवडे थांबले तरी चालते. म्हणून ‘महिन्याला किती’ याच्याआधी ‘महिन्यात किती वेळा’ हे विचारा, आणि तेही जुलैत किती, जानेवारीत किती, असे वेगवेगळे. एका वेळी गवताच्या उंचीचा तिसरा हिस्साच कापावा असा बागकामातला सर्वमान्य नियम आहे. महिनाभर न येता एकदाच येऊन जमिनीलगत सगळे भादरून टाकणारा माळी पैसे तेवढेच घेतो आणि गवत पिवळे पडते. मशीन कोणाचे, पेट्रोल कोणाचे, पात्याला धार कोण लावणार, खत त्या पैशात आहे की वेगळे? विजेचे मशीन असेल तर आणखी एक: ओल्या गवतावरून वायर ओढत काम चालते. ज्या प्लगातून ते चालते त्याला शॉक लागताच वीज तोडणारे आरसीसीबी बसवलेले आहे का, हे माळ्याने नव्हे, घरमालकाने किंवा कमिटीने पाहायचे आहे.

तीन महिन्यांचे आगाऊ पैसे द्यावेत का? आमचे स्पष्ट मत: देऊ नयेत. रोपे, माती, लॉनचे तुकडे हे सोरतापवाडी-उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांतून आणायचे असतील तर त्या सामानाचे पैसे पावती पाहून द्या. कामाचे पैसे काम झाल्यावर, पण झाल्याबरोबर. घाम वाळायच्या आत मजुरी हातात पडावी ही शिकवण आपल्या घरात लहानपणापासून कानावर पडलेली असते, आणि मजुरी आधी ठरवूनच माणसाला कामाला लावावे हीसुद्धा. पहिली आपण सगळे सांगतो, दुसरी सोयीने विसरतो. ‘द्या काहीतरी, तुम्ही आपलेच आहात’ असे म्हणून सुरू झालेल्या कामात शेवटी दोघेही नाराज होतात.

येथे औषधांकडे वळतो, कारण या सगळ्या विषयात जीवाशी संबंध आहे तो याचाच. ‘औषध मारतो’ असे माळी म्हणतात. औषध नाही, विष आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कीटकनाशकाच्या आणि तणनाशकाच्या डब्यावर एक चौकोन असतो, त्यातल्या त्रिकोणाला रंग असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. हिरव्याचा अर्थ निर्धोक असा नव्हे. ही व्यवस्था १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालच्या नियमांतून आली आहे आणि ती मुद्दाम अशी केली आहे की वाचता न येणाऱ्यालाही समजावी. म्हणून माळ्याला म्हणा, ‘काका, डबा दाखवा.’ डबा नसेल, कोल्ड्रिंकच्या बाटलीत पांढरे पाणी भरून आणले असेल, तर ती बाटली घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नका. सरबत समजून मुलांनी प्यायल्याच्या घटना अशाच बाटल्यांनी होतात. उन्हाळ्याच्या सुटीत तर घरात दहा पोरे असतात.

पैसे घेऊन दुसऱ्याच्या जागेत कीटकनाशक मारण्याचा धंदा करायचा तर त्यासाठी परवाना लागतो. तणनाशकांपैकी सर्वांत जास्त खपणारे ग्लायफोसेट. त्याच्याबद्दल ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली की ते परवानाधारक पेस्ट कंट्रोल ऑपरेटरशिवाय कोणी वापरू नये. दुकानात ते मिळते, माळी आणतो, हे खरे आहे. म्हणूनच विचारायचे: परवाना आहे का, कोणाच्या नावावर आहे, आणि फवारणारा माणूस त्याच्याच हाताखालचा आहे का?

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. शेकडो लोक दवाखान्यात गेले, वीसच्या आसपास माणसे दगावली. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या तोंडाला धड मास्क नव्हता, हातात मोजे नव्हते. सोसायटीच्या हिरवळीवर पाठीला पंप बांधून चपला घालून फिरणारा पोरगा पाहिला की आम्हाला ते आठवते. गवत तेवढे उंच नसते, फवारा तेवढा दाट नसतो, पण विष तेच. बूट, पूर्ण बाह्यांचा सदरा, मोजे, मास्क हे देखभालवाल्याने द्यायचे आहेत. तो देत नसेल तर कमिटीने घेऊन ठेवावेत आणि त्याशिवाय पंप सुरू होऊ देऊ नये. वारा असताना फवारणी नाही. फवारणीची वेळ आदल्या दिवशी फलकावर आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलेली पाहिजे, म्हणजे बाळाचे कपडे दोरीवरून काढता येतील आणि असर नंतर खेळायला उतरणारी मुले त्या दिवशी दुसरीकडे नेता येतील. किती वेळ गवतावर जायचे नाही हे डब्यावरच्या पत्रकात पाहावे, माळ्याच्या अंदाजावर सोडू नये. ज्या सासूबाईंना अनवाणी चालायचे आहे त्यांच्यासाठी तर हिरवळ बिनफवाऱ्याचीच हवी, आणि गच्चीवरच्या दहा फुटांत ते सहज जमते. तण हाताने निघते.

तरीही कोणाच्या पोटात गेले, डोळ्यांत उडाले तर? डोळे, कातडी भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, भिजलेले कपडे काढा. पोटात गेले असेल तर घरच्या घरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. डबा बरोबर घेऊन सरळ ससूनसारख्या मोठ्या दवाखान्यात जा. डबा पाहिला की डॉक्टरांना उतारा ठरवता येतो. कोल्ड्रिंकच्या बाटलीवर हरकत घ्यायचे दुसरे कारण हेच.

एक गोष्ट खास आपल्या घरांसाठी, कारण बागकामाच्या पुस्तकात ती सापडायची नाही. बकरी ईदच्या आधी आठ-पंधरा दिवस सोसायटीत बकरे येतात. मुले हौसेने हिरवळीवरचे कापलेले गवत उचलून त्यांना घालतात, माळीही ‘घ्या भाभी, ताजं आहे’ म्हणून टोपलीभर देतो. त्या गवतावर मागच्या काही आठवड्यांत काय मारले होते हे विचारल्याशिवाय ते बकऱ्यापुढे टाकू नका. जनावर आजारी पडेल हे एक, आणि तेच मांस पुढे आपल्या, शेजाऱ्यांच्या आणि गरिबांच्या ताटात जाणार आहे हे दुसरे. ज्या सोसायट्यांत आपली वस्ती जास्त आहे तिथे करारातच लिहून घ्यावे की ईदच्या आधीचे दोन महिने हिरवळीवर कसलेही विष नाही. ईदची तारीख दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, तेव्हा करार करताना त्या वर्षीची तारीख पाहून महिना घालावा.

कब्रस्तानाच्या ट्रस्टींनाही हेच सांगणे आहे. पावसाळ्यानंतर कंबरेएवढे गवत माजते, साप निघतात, आणि स्वस्तात सुटका म्हणून तणनाशकाचा टँकर मारण्याचा प्रस्ताव कोणीतरी आणतो. फातिहा पढायला येणारी माणसे तिथे चप्पल काढून उभी राहतात. गवत कापून घ्यावे. खर्च जास्त येतो, पण दोन-चार हातांना महिनाभराचे कामही मिळते.

काम करणाऱ्या माणसाबद्दल दोन गोष्टी विचारल्याशिवाय करार पुरा होत नाही. तुम्ही देखभालवाल्याला जे पैसे देता त्यातले त्याच्या हातात किती पडतात? हा प्रश्न विचारायला लोकांना संकोच वाटतो. आम्हाला वाटत नाही. कारण ज्याला महिन्याकाठी पुरेसे मिळत नाही तो चार महिन्यांत सोडून जातो, मग नवा येतो, त्याला कुठल्या कोपऱ्यात पाणी साचते हे माहीत नसते. अपघात झाला तर काय, हेही विचारा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचा अपघाती विमा मिळतो, बँकेत खाते असले की झाले; वयाची अट १८ ते ७०. असंघटित कामगारांची ई-श्रमवर नोंदणी २०२१ पासून फुकट होते. आपल्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला सांगितले तर अर्ध्या तासात मोबाईलवरून करून देईल. वीस रुपये तुम्हीच भरा. आणि माळ्याबरोबर बारा-तेरा वर्षांचा मुलगा मदतीला येत असेल तर त्याला कामावर ठेवता येत नाही; चौदा वर्षांखालच्या मुलाला मजुरीवर लावणे कायद्याने गुन्हा आहे. त्या मुलाला हाकलून देऊन प्रश्न सुटत नाही हे खरे. शाळेत नाव आहे का, एवढे तरी त्याच्या बापाला विचारता येते.

प्यायचे पाणी आणि संडास, या दोन्हींची सोय कुठे आहे हे कामाच्या पहिल्याच दिवशी दाखवून द्यावे. वेगळा कप ठेवण्याची पद्धत काही घरांत अजून आहे, आपल्यातल्याही काही घरांत. तिच्याबद्दल लिहायला वेगळा लेख लागेल.

झाडांचे थोडक्यात. माळी फांद्या छाटून देतो म्हणाला तरी मोठ्या झाडाला हात लावू देऊ नका. महाराष्ट्रात १९७५ च्या झाडांच्या कायद्यानुसार शहरात झाड तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि फांद्यांसाठीही उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो. नोटीस येते ती जागेच्या मालकाला, माळ्याला नाही. कापलेले गवत आणि पाला जाळायचा नाही. घनकचरा नियमांनी त्याला मनाई आहे. तो ओल्या कचऱ्याच्या बादलीत भरून ‘स्वच्छ’च्या ताईंच्या ढकलगाडीवर लादायचाही नाही, त्यांना तो उचलण्याचे वेगळे पैसे कोणी देत नाही. कोपऱ्यात खड्डा किंवा जाळीचा पिंप करून तिथेच कुजवला की पुढच्या वर्षीचे खत झाले. कुजवण्याचे काम त्याच मोबदल्यात आहे की नाही हे आधी विचारावे.

पाणी मात्र सगळ्यांत कठीण. उन्हाळ्यात हिरवळीला रोज चार-पाच मिलिमीटर पाणी लागते असे धरा. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. हजार चौरस फुटांच्या हिरवळीला म्हणजे रोज चारशे लिटरच्या आसपास, एका मध्यम कुटुंबाचे दिवसाचे पाणी. एप्रिल-मेमध्ये खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांत साठा किती उरला याची बातमी आपण रोज वाचतो आणि कोंढव्यात टँकरसाठी वर्गणी काढतो. अशा वेळी प्यायच्या पाण्याने गवत भिजवणे आमच्या मनाला पटत नाही. सोसायटीत सांडपाणी शुद्धीकरणाची यंत्रणा असेल तर ती चालू आहे का आणि बागेला तेच पाणी जाते का, हे माळ्याला विचारा. त्याला ते कमिटीच्या सेक्रेटरीपेक्षा चांगले माहीत असते. मशिदीला लागून थोडी बाग असेल तर वजूखान्याचे पाणी वेगळ्या नळीने तिथे नेता येते. त्यात साबण नसतो, झाडांना ते मानवते. मे महिन्यात गवत थोडे पिवळे झाले तर होऊ द्यावे. हरळी मरत नाही, पहिल्या पावसात परत उठते. पाणी न घालता गवत पिवळे ठेवायला तयार असलेला माळी मिळाला तर त्याला सोडू नका.

हे सगळे बोलून झाल्यावर एका कागदावर लिहा. स्टॅम्पपेपर नको, वहीचे पान चालेल. कोणत्या महिन्यात किती वेळा येणे, काय काय करणे, सामान कोणाचे, विष मारायचे की नाही आणि मारायचे तर आधी कोणाला सांगून, पैसे कोणत्या तारखेला, सोडायचे झाले तर दोन्ही बाजूंनी किती दिवस आधी सांगणे. माळ्याला वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवा. एक वर्षाचा करार करण्याआधी जून ते सप्टेंबर एवढाच करून पाहा. माळी किती कामाचा आहे ते पावसाळ्यातच कळते.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला वेगळे उत्तर पाठवले आहे, त्याचा सारांश इतर गच्चीवाल्यांच्या उपयोगी पडेल. इंजिनियरने नाही म्हटले तर गवत नको. स्लॅबच्या कडेने, जिथे खाली भिंत किंवा बीम आहे तिथे, नारळाच्या भुश्श्यात हलके केलेल्या मिश्रणाच्या कुंड्या ठेवा: पुदिना, कोथिंबीर, मोगरा, कढीपत्ता, एखादे लिंबू. यासाठी महिन्यावर माणूस लागत नाही, पंधरा दिवसांतून एकदा तासभर येणारा जाणकार पुरतो. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते, तिथे नर्सरीवाले आणि माळी दोघेही भेटतात; चार जणांशी बोलून फोन नंबर घ्यावेत. सासूबाईंना अनवाणी चालण्यासाठी मात्र रिक्षा करून सकाळी सारसबागेत न्यावे. सोबत कोणी असावे, सकाळी गवत ओले असते आणि पाय घसरतो.